पुन्हा न सापडलेला स्वर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘मेडल’ हा अल्बम १९७१ सालच्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या तबकडीची दुसरी बाजू लावली की आधी शांतता असते आणि मग खोल विहिरीत थेंब पडावा तसा एकच स्वर येतो. क्षणभर थांबून पुन्हा तोच. मग पुन्हा. पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या ‘सोनार’ यंत्राचा आवाज असावा तसं वाटतं. या एका स्वरातून ‘एकोज’ ही साडेतेवीस मिनिटांची रचना उलगडते आणि ती अख्खी बाजू व्यापते.

हा आवाज कुठल्याही सिंथेसायझरचा नाही. तो पियानोचा आहे, आणि त्याची गंमत अशी की ज्यांनी तो काढला त्यांनाही तो दुसऱ्यांदा काढता आला नाही.

१९७१ च्या सुरुवातीला हे चौघे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत हाताशी एकही गाणं नसताना शिरले. दिवसचे दिवस त्यांनी सुटे तुकडे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांना नावं दिली ‘नथिंग’ एक, दोन, तीन, अशी थेट चोवीसपर्यंत. त्यातल्या एका तुकड्यात बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटने पियानोवर एक उंच ‘बी’ हा पाश्चात्त्य स्वर वाजवला. पियानोजवळच्या माइकची वायर लेस्ली या फिरत्या कर्ण्याच्या स्पीकरला जोडलेली होती. त्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून सगळे थबकले. पुढे पक्कं ध्वनिमुद्रण करताना त्यांनी तोच स्वर पुन्हा आणायचा खूप प्रयत्न केला. पियानो आणि लेस्ली यांच्यात जुळून आलेला तो नेमका अनुनाद काही केल्या परत येईना, असं ड्रमर निक मेसनने सांगितलं आहे. शेवटी कच्च्या टेपवरचा मूळ स्वरच रचनेच्या सुरुवातीला जोडला गेला.

एक पट्टी दाबायची, एवढंच तर काम. ते का जमू नये? या प्रश्नाचं उत्तर ध्वनिशास्त्रात आहे, आणि मला ते त्या रचनेइतकंच सुंदर वाटतं.

लेस्ली स्पीकर म्हणजे लाकडी कपाटासारखी एक पेटी. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड लेस्लीने १९४० च्या सुमारास ती हॅमंड ऑर्गन या विजेवर चालणाऱ्या वाद्यासाठी बनवली. नेहमीचा लाउडस्पीकर एका जागी बसून आवाज फेकतो. इथे उंच स्वरांसाठी एक कर्णा असतो आणि तो मोटरवर गरगर फिरतो. त्याला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकाच तोंडातून येतो. दुसरं केवळ तोल सांभाळायला. खालच्या स्वरांसाठी तळाशी एक वेगळा फिरता ड्रम असतो. वेग दोन: एक संथ, मिनिटाला सुमारे ५० फेऱ्या, आणि एक जलद, मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्या.

फिरणाऱ्या कर्ण्याचं तोंड कधी आपल्याकडे येतं, कधी दूर जातं. फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला लागतो, तेच इथे सेकंदाला कित्येकदा घडतं. ख्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने हा परिणाम १८४२ साली मांडला. त्याची ध्वनीवरची पडताळणी तीन वर्षांनी बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने केली, तीही वादकांच्या मदतीने. रेल्वेच्या उघड्या डब्यात त्याने तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी तयार कानाचे संगीतकार उभे केले. वारंवारता मोजायचं यंत्र नव्हतं, कानच यंत्र होते.

आता थोडा हिशेब करू. कर्ण्याचं तोंड मध्यापासून २० सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर जलद फिरताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ८ मीटर होतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे स्वर दर फेरीला जवळजवळ अडीच टक्के वर आणि तितकाच खाली झुलतो. आपल्या बाजाच्या पेटीवर सा आणि कोमल रे यांच्या कंपनसंख्येत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. तेव्हा हा झोका लहान नाही. संथ गतीत तो जेमतेम ०.३ टक्के उरतो. कानाला स्वर बदललेला कळत नाही, फक्त तो जिवंत वाटतो. शिवाय तोंड आपल्याकडे असताना आवाज मोठा, पाठ फिरली की लहान. भिंतींवर आपटून येणारे आवाज वेगळ्याच क्षणी चढलेले किंवा उतरलेले असतात, आणि कानापर्यंत एक स्वर न येता जवळजवळच्या अनेक स्वरांचा पुंजका येतो.

आता पट्टी दाबायच्या क्षणाचा विचार करा. त्या क्षणी कर्ण्याचं तोंड कुठे होतं? पियानोच्या उंच स्वराचा आघात सेकंदाच्या अगदी लहान भागात होऊन जातो. तो माइककडे तोंड असताना झाला की भिंतीकडे असताना, यावर त्या ‘टिंग्’ची चव ठरते. वादकाला ते कळायचा मार्ग नाही.

खोलीचाही वाटा आहे. सुमारे २००० हर्ट्झचा स्वर घेतला तर त्याची तरंगलांबी १७ सेंटिमीटर भरते. बंद खोलीत येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा मिळून स्थिर तरंग तयार होतात: कुठे आवाज दाट, कुठे विरळ. दाट आणि विरळ जागांमधलं अंतर तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकं असतं, म्हणजे इथे चार सेंटिमीटर, दोन बोटांची रुंदी. माइक एवढासा सरकला तरी तो वेगळाच आवाज टिपतो.

आणि खुद्द पियानो. वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्या तंतोतंत एका सुरात कधीच नसतात. तो किंचितसा फरक आणि तारांची एकमेकींशी होणारी ऊर्जेची देवघेव यामुळे स्वर आधी झपाट्याने विरतो आणि मग बराच वेळ रेंगाळतो. गॅब्रिएल वाइनरीश या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली याचं गणित मांडलं. अगदी वरच्या तारांवर तर डॅम्परही, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारे मऊ ठोकळेही, नसतात, त्यामुळे शेजारच्या तारा सहकंपनाने आपोआप गुणगुणतात. तंबोऱ्याच्या तारा शेजारच्या गळ्याला साद देतात तशाच.

रचनेच्या मध्यावर संगीत थांबतं आणि नुसता वारा नि किंचाळणारे पक्षी उरतात. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरने वाह-वाह पेडल चुकून उलटं जोडलं, त्यातून हे पक्षी निघाले. सरळ जोडलेलं पेडल म्हणजे पायाने सरकवायचा फिल्टर. तोंड ‘ऊ’वरून ‘आ’वर नेताना जे होतं ते तो गिटारच्या आवाजाला करतो. उलट्या जोडणीत गिटारचं पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) पेडलच्या बाहेरच्या टोकाला लागतं आणि परिपथ स्वतःच थरथरू लागतो. मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की जी किंचाळी फुटते, तिच्याच गोत्रातला हा प्रकार. तार छेडावीही लागत नाही. गिटारवरची बटणं फिरवली की आवाज वळतो.

शेवटाकडे आवाजांचा एक समूह वर चढत राहतो आणि चढणं संपतच नाहीसं वाटतं. १९६४ साली रॉजर शेपर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशाच एका श्रवणभ्रमाचं वर्णन केलं होतं. मंद्र, मध्य आणि तार सप्तकातला सा एकत्र वाजवायचा; सगळे मिळून वर सरकवायचे; सर्वांत वरचा हळूहळू विझवायचा आणि तळाला नवा सा अलगद जागवायचा. कानाला फक्त चढण जाणवते, शिखर लागत नाही. ‘एकोज’मधला भास याच्या जवळ जातो. त्यासाठी खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन टेपरेकॉर्डर ठेवले होते: एकावर वाजणारं दुसऱ्याने उशिराने पुन्हा वाजवायचं, आणि ते पुन्हा मुद्रित व्हायचं. सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावणारी टेप मुद्रणाच्या जागेपासून वाजण्याच्या जागेपर्यंत तेवढंच अंतर कापायला एक सेकंद घेते. उशीर मिळवायला एवढं साधं साधन पुरतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात, जहाजबांधणीच्या आवारात भरलेल्या मैफलीत गिलमोर आणि राइट यांनी ‘एकोज’ एकत्र वाजवलं. दोन वर्षांनी राइट वारला. पुढे गिलमोरला ही रचना वाजवण्याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा रिकशिवाय, म्हणजे राइटशिवाय, ती वाजवणार नाही, असं त्याने सांगितलं. त्या दोघांचं वाजवणं दुसऱ्या कोणाला शिकवून तसंच्या तसं आणता येत नाही, हे त्याचं कारण होतं.