पायाच्या हाडात दात कसे बसतात

तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री वर्षानुवर्षं जिथे दाबून ठेवली जाते ती जागा म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच. आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात फार मोठ्या प्रमाणात तिथेच होते. हिरडीच्या खाली लगेच हाड असतं. त्यामुळे गाठ काढताना बऱ्याचदा खालच्या जबड्याचा अख्खा तुकडा काढावा लागतो आणि त्याबरोबर त्या बाजूचे दातही जातात. ती पोकळी तशीच ठेवली तर उरलेला अर्धा जबडा कापलेल्या बाजूकडे सरकतो. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनासे होतात, हनुवटी वाकडी दिसते, आणि माणूस आयुष्यभर पेज नि मऊ भातावर राहतो. नेहमीची कवळी इथे टिकत नाही, कारण तिला टेकायला ना हिरडीचा उंचवटा उरतो ना गालाच्या आतली खोबण.

म्हणून हाड दुसरीकडून आणलं जातं, बहुतेक वेळा पायातून. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं असतात. शरीराचा भार मुख्यतः आतल्या जाड नडगीवर असतो. बाहेरच्या बाजूचं बारीक, लांबट हाड म्हणजे फिब्युला. ऑस्ट्रेलियातले शल्यविशारद इयान टेलर यांनी १९७५ मध्ये ते रक्तवाहिनीसकट उचलून पायाच्याच दुखापतीसाठी वापरल्याचं नोंदवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याचा जबडा घडवून दाखवला. घोट्याजवळचे सहा ते आठ सेंटीमीटर जागेवर ठेवतात, नाहीतर घोटा डगमगतो. गुडघ्याजवळचे पाच-सहा सेंटीमीटरही ठेवतात, कारण पाऊल वर उचलणारी नस तिथून वळसा घेऊन जाते. मधलं वीसेक सेंटीमीटर हाड मिळतं आणि जबड्याला ते पुरून उरतं. काही जणांच्या पायात हीच रक्तवाहिनी पावलाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी असते. ती काढली तर पाऊलच धोक्यात येतं, म्हणून आधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करतात.

आणलेलं हाड जिवंत असणं हा यातला कळीचा मुद्दा आहे. फिब्युलाची धमनी आणि शीर मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. रक्तपुरवठ्याविना ठेवलेला हाडाचा तुकडा किरणोपचारात टिकत नाही, विरघळतो किंवा सडतो. जबड्याचं वळण आणण्यासाठी सरळ फिब्युला दोन-तीन जागी कापून कोनात जोडावी लागते. प्रत्येक तुकडा निदान दोन ते अडीच सेंटीमीटर लांब हवा. त्याहून लहान तुकड्याला हाडावरच्या पातळ आवरणातून पुरेसं रक्त मिळत नाही.

अडचण आहे ती उंचीची. दात असलेला खालचा जबडा समोरून साधारण तीन सेंटीमीटर उंच असतो, फिब्युला जेमतेम १३ ते १५ मिलिमीटर. ती जबड्याच्या खालच्या कडेला लावली तर चेहरा छान दिसतो, पण दात खूप खोलवरून उभे करावे लागतात. मग प्रत्येक घासाचा जोर पहारीसारखा दात धरणाऱ्या स्क्रूच्या मुळावर येतो. वर लावली तर दातांची सोय होते, पण गालाखालची कड आत खचते. उपाय दोन आहेत. फिब्युला दुमडून एकावर एक दुहेरी लावायची, किंवा ती एकेरीच खालच्या कडेपासून सुमारे एक सेंटीमीटर वर बसवून खालची कड धातूच्या पट्टीने सांभाळायची. कंबरेच्या हाडाला उंची जास्त असते, पण त्यासोबत येणारा मांसल भाग तोंडात फार जाड होतो. मनगटाकडून घेतलेल्या हाडाच्या पातळ पट्टीत इम्प्लांट, म्हणजे दात धरणारा स्क्रू, बसतच नाही.

हा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याचा नाही. हाड कुठे बसवायचं हे दात कुठे येणार यावरून ठरायला हवं, आणि दात कुठे येणार हे वरचे दात सांगतात. कृत्रिम दात बसवणारे तज्ज्ञ जबडा कापण्याच्या आधीच, पहिल्या भेटीपासून, चर्चेत असायला हवेत. ही एकच गोष्ट वगळली गेल्यामुळे उत्तम जुळलेल्या, पण दात बसवायला निरुपयोगी ठरलेल्या हाडांची संख्या मोठी आहे. हाड एक सेंटीमीटर जिभेकडे सरकलेलं असतं आणि नंतर कोणताही स्क्रू तिथून वरच्या दातांखाली येत नाही.

नियोजनासाठी जबड्याचा आणि पायाचा एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा सीटी स्कॅन घेतात. संगणकावर आधी दात मांडायचे, त्यांच्याखाली इम्प्लांट, इम्प्लांटभोवती फिब्युला आणि शेवटी कापण्याच्या रेषा, असा उलटा क्रम ठेवायचा. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर कापण्याचे साचे तयार होतात. ही सोय नसेल तर शस्त्रक्रियेआधी दोन्ही जबड्यांची मापं घेऊन, प्लास्टरचे नमुने चावण्याच्या स्थितीत जुळवून अॅक्रिलिकची पट्टी बनवता येते. हाड बसवताना उरलेला जबडा मूळ जागी धरून ठेवायचं काम ती चोख करते. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांत आठवड्यांचं अंतर पडू देऊ नये. गाठ वाढते, कापायची रेषा पुढे सरकते आणि साचा टेबलावरच निकामी होतो.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा ते तेरा मिलिमीटर लांब. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेलं दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू पहिल्यांदा बसवले. फिब्युलाचं कवच जाड आणि कठीण असतं. त्याचा फायदा म्हणजे वरचं आणि खालचं अशी दोन्ही कवचं पकडणारा स्क्रू पहिल्या दिवसापासून घट्ट बसतो. तोटा म्हणजे भोक पाडताना उष्णता फार होते. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी त्याच्या पेशींना इजा होते. म्हणून ड्रिल धारदार हवं, गार सलाईनची धार सतत हवी आणि भोक टप्प्याटप्प्याने रुंद करायला हवं. स्क्रू फिरवण्याआधी भोकात आटे पाडून घ्यावे लागतात. ते न करता जोराने पिळलं तर हाडाला तडा जातो, किंवा दाबाने भोवतीचं हाड मरतं आणि काही आठवड्यांनी घट्ट वाटणारा स्क्रू हलायला लागतो. सुमारे ३५ न्यूटन-सेंटीमीटर पीळ पुरतो.

भोक नेमकं तिथेच हवं असतं जिथे हाडाचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा छोटा स्क्रू आधीच बसलेला असतो, हा नेहमीचा अनुभव. पट्टीचे स्क्रू इम्प्लांटच्या जागा सोडून लावायचे हेही नियोजनातच ठरलं पाहिजे. तुकड्यांच्या जोडावर इम्प्लांट घालू नये, कारण तिथे भरून येणारं हाड अजून कच्चं असतं. आणि नंतरच्या शस्त्रक्रियेत फिब्युलावरचं आवरण गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त सोलू नये. हाडाचं रक्त त्यातूनच येतं.

आता सगळ्यात वादाचा प्रश्न: इम्प्लांट कधी बसवायचं? बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागतात. रुग्ण त्याला ‘शेक’ म्हणतात. एकूण ६० ते ६६ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) ३० ते ३३ बैठकांत विभागून देतात, आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो. किरणांमुळे हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, पेशी कमी होतात, प्राणवायू कमी पोचतो. अशा हाडाला जखम झाली की ती भरत नाही आणि हाड उघडं पडून सडू लागतं. एक वाट अशी की जबडा घडवतानाच इम्प्लांट बसवून टाकायचे. हाड तेव्हा ताजं असतं आणि शेक सुरू होईपर्यंत त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ मिळतो. दुसरी वाट म्हणजे किरणोपचार संपल्यावर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबायचं.

पहिल्या वाटेत शस्त्रक्रिया लांबते, जागा चुकली तर दुरुस्ती नाही, आणि टायटॅनियमला आदळून परतणाऱ्या किरणांमुळे त्याला चिकटलेल्या एक-दोन मिलिमीटर हाडाला थोडी जास्त मात्रा मिळते. दुसऱ्या वाटेत रोग परतला की नाही हे कळायला वेळ मिळतो, आणि परतायचा असेल तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो. पण शेक घेतलेल्या हाडात भोक पाडण्याची जोखीम येते. संगणकीय नियोजन आणि अनुभवी हात असतील तर एकाच शस्त्रक्रियेत बसवणं जास्त पटतं. तसं नसेल तर थांबावं. शेक संपल्यावर दोन-तीन महिन्यांत घाईने बसवणं मात्र सर्वांत वाईट. एकाच दिवशी हाड, इम्प्लांट आणि दात असं सगळं बसवण्याची पद्धत २०१३ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाली आणि तिचे फोटो फार फिरतात. ती प्रामुख्याने कर्करोग नसलेल्या गाठींसाठी आहे, जिथे शेक लागत नाही आणि कापण्याची रेषा आधी पक्की असते.

किरणोपचार झालेले असतील तर ‘एकूण ६० ग्रे’ एवढी माहिती पुरत नाही. इम्प्लांटच्या नेमक्या जागी किती मात्रा पडली हे किरणोपचाराच्या नकाशात दिसतं आणि ते मागून घ्यायचा हक्क रुग्णाला आहे. ५० ग्रेच्या वर असेल तर पुनर्विचार करावा. दाबाच्या खोलीत प्राणवायू देऊन हाड वाचवण्याचा उपचार पूर्वी सर्रास सुचवला जाई. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीत शेक घेतलेल्या जबड्यात दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटआधी तो दिल्याने हाड सडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. त्याच्यावर मोठा खर्च करण्याआधी हे माहीत असावं.

हाडाइतकाच त्रास वरची कातडी देते. तोंडात लावलेली पायाची कातडी हिरडीसारखी हाडाला घट्ट चिकटलेली नसते. ती जाड असते, हलते, तिच्याखाली चरबी असते आणि तिच्यावर केसही उगवतात. इम्प्लांटच्या खांबाभोवती अशी कातडी हलत राहिली की कीट साचून लाल, लिबलिबीत मांस वाढतं आणि जरा लागलं की रक्त येतं. नुसतं कापून टाकलं तर ते पुन्हा वाढतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी कातडीखाली झाकलेले स्क्रू उघडे करताना कातडी पातळ करतात आणि गरजेनुसार मांडीची पातळ त्वचा किंवा तोंडातल्या टाळूवरची त्वचा लावतात. ती हाडाला चिकटावी म्हणून आठ-दहा दिवस अॅक्रिलिकची पट्टी दाबून ठेवतात. ही पायरी कंटाळून टाळली जाते आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडची आणखी एक मोठी अडचण म्हणजे तोंड उघडणं. सुपारी-गुटख्याने गाल आधीच ताठर झालेले, त्यावर शस्त्रक्रिया आणि शेक. दातांच्या मध्ये तीन बोटं उभी जायला हवीत. दोनच जात असतील तर मागच्या भागात ड्रिल सरळ धरताच येत नाही. व्यायाम शेक सुरू होण्याआधीच सुरू करावा. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी काही मिनिटं, आणि शेक संपल्यावरही महिनोन्‌महिने. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि हे न केल्यामुळे इम्प्लांट हाडात पक्के बसूनही दात न मिळालेले रुग्ण आहेत. असे न वापरलेले स्क्रू वैद्यकीय अहवालांत ‘यशस्वी’ म्हणूनच मोजले जाऊ शकतात. फिब्युलातले पाच वर्षं टिकलेले इम्प्लांट अनेक अहवालांत नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसतात. शेक घेतलेल्या हाडात आणि तंबाखू चालू असलेल्यांत हे प्रमाण घटतं. पण रुग्णाने विचारायचा आकडा वेगळा आहे: किती जण त्या दातांनी जेवतात?

दातांचे दोन प्रकार आहेत. स्क्रूवर कायमचे घट्ट बसवलेले, किंवा चार-एक स्क्रूंना धातूची दांडी जोडून तिच्यावर खटका मारून बसणारी, काढता येणारी कवळी. पहिले जास्त आवडतात. पण शेकाने लाळ आटलेली असेल, हात थरथरत असतील किंवा तोंड कमी उघडत असेल, तर काढून धुता येणारी कवळीच बरी. ती काढली की आतली जागा तपासता येते, म्हणजे रोग परतण्याची चिन्हं लवकर दिसतात. घट्ट दात स्क्रूने बसवलेले असावेत. सिमेंटने चिकटवले तर उरलेलं सिमेंट कातडीखाली राहून पू होतो.

दात बसल्यावर एका झुपक्याचा बारीक ब्रश आणि फटीत घालायचा ब्रश रोज दोन वेळा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी. स्वतःचे उरलेले दात कोरड्या तोंडात फार लवकर किडतात, त्यांना फ्लोराइड हवं. आणि शेक घेतलेल्या जबड्यातला कोणताही दात किरणोपचाराचे कागद न दाखवता उपटून घेऊ नये.

खाणं नव्याने शिकावं लागतं. मूळ दाताच्या भोवती दाब ओळखणारे तंतू असतात, इम्प्लांटभोवती ते नसतात. जबड्यातली नस कापली गेली असेल तर खालचा ओठही बधिर असतो. किती जोराने चावतोय आणि दातांखाली घास आहे की ओठ, हे रुग्णाला कळत नाही. म्हणून पहिले काही आठवडे समोर आरसा ठेवून, लहान घास घेऊन, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, दुधात कुस्करलेली भाकरी इथून सुरुवात करायची. चहा कोमट करून प्यायचा, कारण ओठ भाजलेलाही कळत नाही.