डाळिंबाचे घरगुती लिकर (सोलापूर)

मद्यार्कात डाळिंबाचे दाणे मुरवून, गाळून, त्यात साखरेचा पाक घालून केलेले गोड मद्य. बाजारातील तयार प्रीमिक्स, इसेन्स किंवा रंगीत सिरप यात वापरत नाहीत. युरोपीय संघाच्या व्याख्येप्रमाणे लिकरमध्ये किमान 15 टक्के मद्यार्क आणि बहुतेक प्रकारांत लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर असावी लागते. द्राक्षासवासारखी आसवे याहून वेगळी. त्यांत मद्यार्क आंबवण्यातून आपोआप तयार होतो, लिकरमध्ये तो आयता घेतलेला असतो.

सोलापूर जिल्ह्यात यासाठी डाळिंबाइतके सोयीचे फळ नाही. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या कोरड्या तालुक्यांत ते पिकते. सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. मृग, हस्त आणि आंबे असे तिन्ही बहार (फुलोऱ्याचे हंगाम) घेतले जातात, त्यामुळे फळासाठी फार अडून राहावे लागत नाही. लिकरला भगवा वाण चांगला. त्याचे दाणे गडद लाल, रसाळ आणि बी मऊ असते. सालीवर डाग पडल्याने भाव उतरलेले फळ आतून निरोगी असेल तर खुशाल घ्यावे. तडकलेले मात्र टाळावे, भेगेतून बुरशी आत शिरलेली असते.

किलोभर फळांतून साधारण अर्धा किलो दाणे निघतात. दाण्यांमधला पिवळट पापुद्रा एकूण एक काढावा लागतो. कडू-तुरट टॅनिन त्यातच असते आणि मद्यार्क ते फार भराभर ओढून घेतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण लिकर बिघडते ते बहुधा इथेच. दाणे हलके चेचावेत. मिक्सरला लावल्यास बिया फुटून कडवटपणा उतरतो. काचेच्या बरणीत 750 मिलि साधी व्होडका ओतून त्यात दाणे बुडवावेत आणि बरणी दोन-तीन आठवडे अंधारात ठेवावी. दालचिनीचा तुकडा घातलाच तर तो तीन-चार दिवसांत काढून घ्यावा, नाहीतर डाळिंब मागे पडते. लवंग न घातलेलीच बरी.

गोडी आणि तीव्रता यांचा मेळ हिशेबाने साधतो. भारतीय बाटलीवर सहसा 42.8 टक्के मद्यार्क लिहिलेला असतो. दाण्यांचा रस त्यात मिसळला की तो 28-29 टक्क्यांवर येतो. मलमलीतून गाळून सुमारे 900 मिलि अर्क हाती लागला आणि त्यात 300 ग्रॅम साखर व 150 मिलि पाण्याचा पाक घातला, तर सव्वा लिटरच्या आसपास, 20-21 टक्क्यांचे लिकर होते. पाक एकतारी करायचा नाही, साखर विरघळून एक उकळी आली की पुरे. तो पूर्ण गार करूनच मिसळावा. गरम पाकाने मद्यार्काची वाफ उठते, आणि शेजारी गॅस पेटलेला असेल तर ती भडकते. थोडा लिंबाचा रस घातल्याने लाल रंग खुलतो. उजेड आणि उष्णता यांनी तोच रंग तपकिरी पडतो, म्हणून पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात बाटली माळ्यावर ठेवू नये. महिनाभर मुरल्यावर चवीची धार कमी होते.

'घरची दारू' म्हटले की सोलापुरात आधी हातभट्टी आठवते. मुळेगाव तांड्यावरील हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले होते. लिकरशी हातभट्टीचा संबंध नाही आणि जोडूही नये: हातभट्टीची दारू किंवा औद्योगिक स्पिरिट वापरल्यास मिथाइल अल्कोहोलमुळे अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. महाराष्ट्रात स्पिरिट वर्गातील दारूसाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय पिण्याचा परवानाही लागतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे आणि विकणे हा गुन्हा आहे. त्यातील 'निर्मिती'ची व्याख्याही बरीच रुंद आहे, तेव्हा घरी मुरवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी केलेली बरी.

गाळून उरलेल्या दाण्यांतही चांगलाच मद्यार्क असतो. ते मुलांच्या हाताला लागतील असे उघडे ठेवू नयेत.