कमान गेली की पाटा कमी पडला? जुन्या गाडीच्या मागच्या उंचीचा घोळ

“मागून बसलीय ना, एक पाटा वाढवून टाका.” आणि नवे पाटे बसवल्यावर गाडी मागून वर आली, तर “एक पाटा काढून टाका.” सोलापुरात जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, यातला एक तरी सल्ला त्याला मिळालेला असतो. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडी पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकदार पोलादी पट्ट्या, म्हणजेच लीफ स्प्रिंग; त्यांचा बाक म्हणजे कमान. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात आणि दोन्हींच्या मुळाशी घोळ एकच आहे. गाडीची उंची आणि पाट्यांचा कडकपणा ही एकच गोष्ट आहे असं लोक धरून चालतात. उंची मुख्यतः कमानीतून येते. कडकपणा येतो पाट्यांच्या संख्येतून, जाडीतून आणि लांबीतून.

शॉकअपचं आधी उरकून टाकतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. शॉकअप गाडी पेलत नाही. साधा तेलाचा शॉकअप सोडवून हाताने दाबा, दाबला तिथेच तो राहतो. गॅसचा असला तर आपोआप वर येतो, पण गाडीच्या वजनापुढे तो जोर किरकोळ असतो. शॉकअप गेला की गाडी झुलते, खड्ड्यानंतर दोन-तीनदा वरखाली होते. बसत नाही. उंचीसाठी कुणी शॉकअप बदलायला सांगितलं, तर पैसे खिशात ठेवा. पुढची बाजूही इथे बाजूला ठेवू. पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंगा आहेत आणि अँबॅसिडरला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा; त्यांचे नियम वेगळे. मागे मात्र दोन्ही गाड्यांना कमानपाटेच, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

पाट्यांचा संच गाडीतून काढून जमिनीवर पालथा ठेवा. दोन्ही टोकं टेकतात आणि मध्ये पोकळी राहते. ती पोकळी म्हणजे मोकळी कमान. गाडीचं वजन आलं की ही कमान दबते, आणि दबून जी उरते तीच तुमची उंची. किती दबणार ते वजनावर आणि कडकपण्यावर ठरतं. एवढंच गणित आहे, पण ते एकदा आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. एका बाजूच्या संचावर २५० किलो येतात आणि संच १ मिलिमीटर दबायला अडीच किलो लागतात. म्हणजे तो १०० मिलिमीटर दबणार. मोकळी कमान १३० असेल, तर ३० उरली. वर्षानुवर्षं ओझं वाहून तीच मोकळी कमान १०५ वर आली, तर उरले ५. गाडी २५ मिलिमीटर खाली बसली. आता पाच पाट्यांच्या संचात तेवढ्याच जाडीचा सहावा पाटा घाला. कडकपणा ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने वाढतो, म्हणजे मिलिमीटरला ३ किलो. संच आता ८३ दबतो. गाडी १७ मिलिमीटर वर आली, पंचवीसही नाही, आणि एकटा माणूस बसला की ती बैलगाडीसारखी आपटायला लागली. त्याऐवजी त्याच पाच पाट्यांना २५ मिलिमीटर कमान चढवली असती, तर उंची पूर्ण परत आली असती आणि चाल जशी होती तशीच राहिली असती.

इथे एक समजूत आडवी येते आणि ती फार चिवट आहे. “पाटे जुने झाले, मऊ पडले.” पोलाद म्हातारं होऊन मऊ पडत नाही. वाकवलं की किती जोराने परत येतं, हा त्याचा गुण चाळीस वर्षं वापरूनही बदलत नाही. थकलेल्या पाट्याची कमान जाते, कडकपणा जात नाही. अपवाद दोनच: एखादा पाटा तुटला असेल, किंवा गंजाने तो खरोखर पातळ झाला असेल. पातळ होण्याचा फटका मात्र मोठा बसतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. ७ मिलिमीटरचा पाटा ६ मिलिमीटरच्या दीडपटीहून जास्त कडक असतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा “साधारण तसाच” पाटा आणून घालणाऱ्यांचा मला राग येतो. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, कंबरेला मात्र कळतो.

उलट्या बाजूची चूक माझ्या घरातच झाली. काकांची पद्मिनी कितीतरी वर्षं चादरींच्या गठ्ठ्यांनी डिकी भरून फिरली. मागची कमान जवळजवळ सपाट झाली होती. शेवटी नवे संच घातले, आणि गाडी मुंगळ्यासारखी मागून वर. यात आश्चर्य नव्हतं. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, अँबॅसिडर २०१४ मध्ये थांबली. आता मिळणारे पाटे बाजारातले, आणि बनवणाऱ्याने किती भार धरून कमान दिली ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ज्या गॅरेजमध्ये काम केलं, तिथे दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाजूचा एकेक पाटा काढून टाकला. गाडी बघायला झकास उभी राहिली. काका खूश झाले.

मग आम्ही पाच जण आणि सामान घेऊन तुळजापूरला निघालो. गावाबाहेर पडायच्या आत दुसऱ्याच गतिरोधकावर मागून धाडकन आवाज आला, आणि मग प्रत्येक गतिरोधकावर येत राहिला. घरी आल्यावर गाडी उचलून पाहिलं. एक्सल वर येऊन आपटू नये म्हणून जो रबरी ठोकळा असतो, त्याचा मधला भाग काळा कुळकुळीत चमकत होता, आणि समोर एक्सलवर तेवढाच गोल डाग घासून उघडा पडला होता. उंची रिकाम्या गाडीला जुळवली होती, पण ताकद काढून घेऊन. भार आल्यावर तो पेलायला कुणी नव्हतं.

त्या संचाचा कडकपणा योग्यच होता, कमान तेवढी जास्त होती. काढलेले पाटे परत घालून पूर्ण संचाची कमान उतरवली, आणि आवाज गेला. उंची तीच, पण आता पाच माणसांनाही ती टिकते.

म्हणून पाटेवाल्याकडे जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: त्रास रिकाम्या गाडीला आहे की भरलेल्या? रिकामी असतानाच बसलेली दिसते, तर कमान गेलीय, कमान चढवा. रिकामी व्यवस्थित उभी राहते आणि माणसं बसली की टेकते, तर कडकपणा कमी पडतोय, तिथे पाटा वाढवणं बरोबर आहे. त्या पाट्यामुळे रिकामी गाडी किंचित वर येईल, तेवढी कमान उतरवून घ्या. नव्या संचावर रिकामी गाडी वर दिसते आणि भरल्यावर चाल छान लागते, तर कमान उतरवा, पाट्याला हात लावू नका. आणि पाटा कधी काढायचाच झाला, तर मेन पाट्याला, म्हणजे सर्वात वरच्या लांब पाट्याला, चिकटून असलेला दुसरा पाटा मुळीच नको. मेन पाट्याच्या वळवलेल्या टोकांना तोच आधार देतो.

गोल स्प्रिंगांच्या गाड्यांमध्ये वाढलेल्या पोरांना हे उलटं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. गोल स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की गाडी खाली येते आणि स्प्रिंग आणखी कडक होते. पाटा काढला की गाडी खाली येते आणि संच मऊ होतो. दिसायला परिणाम सारखा, आत नेमकं विरुद्ध. तिथला अनुभव इथे लावू नका.

कमान चढवायची किंवा उतरवायची तर कशी, यावर माझं मत पक्कं आहे. गॅसच्या ज्योतीने पाटा लाल करून हातोडीने ठोकणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं, त्याला तेलात विझवून आणि मग बेताने तापवून पाणी दिलेलं असतं. ज्योतीने ते पाणी उतरतं. पाटा कमानदार दिसतो, पण गाडीत बसवल्यावर काही दिवसांत तिथेच वाकतो. एक तर थंड पाट्याला प्रेसमध्ये किंवा ऐरणीवर बारीक बारीक ठोके देत कमान द्यायची, नाहीतर भट्टीत तापवलात तर परत रीतसर पाणी द्यायचं. तिसरा मार्ग नाही. काम पूर्ण संचाचं हवं. संचातला आखूड पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वळलेला असतो, म्हणून पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आवळल्यावर सगळे एकमेकांवर दाबून बसतात. फक्त मेन पाट्याची कमान चढवली, तर खालचे त्याला नुसते लटकून राहतात.

पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी झुलती कडी, म्हणजे शॅकल, लांब करून गाडी वर घेणं मला आवडत नाही. शॅकल जेवढा लांबवाल, त्याच्या जेमतेम निम्मी उंची मिळते आणि वर एक्सलचा कोन फिरतो, मग मागच्या एक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट कुरकुरतो. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालूनही उंची बदलता येते. पाटा एक्सलच्या वर असेल तर गाडी वर जाते, खाली असेल तर खाली येते. त्यापेक्षा सरळ कमानीचं काम करा.

मात्र हे सगळं करण्याआधी तुमची उंची खरी आहे का ते बघा. पाटे बदलताना गाडी जॅकवर असते, एक्सल लोंबत असतो, आणि घाईत तिथेच शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. पाट्याच्या टोकांत बसवलेला रबरी बुश त्या लोंबत्या अवस्थेत पकडला जातो. गाडी खाली ठेवली की रबर पिळलं जातं आणि स्वतःच स्प्रिंगसारखं गाडी वर ढकलत राहतं. गाडी उंच दिसते, चाल कडक लागते, आणि पाटा बिचारा निर्दोष असतो. वर ते रबर लवकर फाटतं. बोल्ट नुसते हाताला लागतील इतके आवळा, गाडी चाकांवर ठेवा, मागे बसून चार झोके द्या, मग शेवटचं आवळा. पाटे बदलून गाडी वर आली अशी तक्रार ऐकली की मी सर्वात आधी हे बोल्ट सैल करून पाहतो. दोन-तीनदा गाडी तिथेच जागेवर आलेली पाहिली आहे.

मोजायचं चाकाच्या मधापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवासुद्धा मोजली जाते. सपाट फरशी, निम्मी टाकी, डिकी रिकामी. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार फूट मागे-पुढे ढकला, मग टेप लावा, आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा. नवा संच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा बसतोच. तेव्हा पहिल्याच दिवशी कमान उतरवायची घाई नको. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत गाडी घरच्यांना भरपूर ओढते, मी त्यानंतरच पुन्हा टेप लावतो आणि त्याच वेळी पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळून घेतो, कारण पाटे बसले की तेही सैल पडतात.

उंची ठरली की संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाईट पाहा. मागची बाजू बसलेली असताना कुणीतरी ते खाली वाकवून ठेवलेले असतात. मागची बाजू वर आली की उजेड बोनेटच्या पुढेच पडतो, आणि विजापूर रोडवर रात्री तेवढा पुरत नाही.