फुलासारखी गोळी, भोवऱ्यासारखी गोळी

डिसेंबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याची आणि सोयाबीनची शेतं मोकळी झालेली असतात. जमीन तळहातासारखी सपाट, मधूनच ओढ्याकाठची झाडी आणि थोड्या अंतरावर कुणाचं तरी घर. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम याच दिवसांत येतो. अशा सपाटीवर नेम चुकला तर रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. म्हणून आयोवा, इलिनॉय, ओहायो या राज्यांनी वर्षानुवर्षं हरणासाठी रायफलऐवजी शॉटगनच वापरायला लावली. ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये कमी पल्ल्याच्या काही रायफलींना मुभा दिली. तरी शॉटगन घेऊन निघणारे शिकारी तिथे आजही पुष्कळ आहेत.

शॉटगन म्हणजे आपली बारा बोरची बंदूक. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती काही घरांत असते (हरणाची शिकार मात्र आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे). ‘बारा’ हा आकडा आला तो शिशाच्या गोळ्यांवरून. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. तिचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. वीस बोरची नळी १५.६ मिलिमीटरची, म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक.

ही बंदूक मुळात छर्‍यांसाठी, म्हणून तिची नळी आतून गुळगुळीत. हरणासाठी मात्र छर्‍यांऐवजी काडतुसात एकच जड गोळी भरतात, तिला स्लग म्हणतात. नेहमीचा स्लग एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा. नेमबाजीचा खरा पेच इथून सुरू होतो.

गुळगुळीत नळीतून साधी गोल गोळी सुटली, तर नळीच्या एका बाजूला घासून ती मनाला येईल तशी फिरू लागते आणि फिरकी गोलंदाजाच्या चेंडूसारखी हवेत वळते. अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्याने बंदुकीच्या नळीचं टोक डावीकडे वाकवलं आणि गोळी झाडली. गोळी निघाली डावीकडे, पण पुढे जाऊन उजवीकडे वळली. नळीच्या उजव्या भिंतीला घासत आल्यामुळे तिला त्या बाजूची फिरकी मिळाली होती. गोळी लांबट केली तरी पेच सुटत नाही, कारण मग ती उडवलेल्या विटीसारखी कोलांट्या खाते.

लांबट गोळीचं नाक पुढे ठेवायचे दोन मार्ग आहेत. पहिला बॅडमिंटनच्या फुलाचा. या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत घडले आणि ‘पूना’ हे त्याचं एक जुनं नावच, म्हणून हा दाखला आपल्या हक्काचा. फूल कसंही मारलं तरी बूच पुढे येतं, कारण वजन सगळं पुढे असतं आणि हवा मागची पिसं रोखून धरते. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये भरीव स्लगच्या मागे हलका बोळा पक्का जोडून हेच साधलं. अमेरिकेत कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये स्लगची मागची बाजू पोकळ केली. हे दोन्ही स्लग मुळात गुळगुळीत नळीसाठीच.

या स्लगवर तिरप्या कडा असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरते, असं बरेच शिकारी समजतात, पण तसं फारसं होत नाही. नळीच्या तोंडाशी जी आवळ असते, जिला चोक म्हणतात, तिथून जाताना मऊ शिशाला दबायला जागा मिळावी म्हणून त्या कडा उपयोगी पडतात. तरीही ‘फुल’ चोक, म्हणजे पुरती आवळ असलेला, वापरू नये. आवळ नसलेला सिलिंडर किंवा नावापुरती आवळ असलेला इम्प्रूव्हड सिलिंडर चोकच घ्यावा.

दुसरा मार्ग भोवऱ्याचा. नळीत आतून आट्यांसारख्या पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी फिरतच बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी आपला आस सोडत नाही. बारा बोरच्या अशा नळीत साधारण ३५ इंचांत एक फेरा असतो. सेकंदाला ५८० मीटर वेगाने निघालेली गोळी मग मिनिटाला सुमारे ३९ हजार फेरे घेते. गोळी लांब असेल तितका पीळ घट्ट लागतो, हे ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये सूत्रात बसवलं होतं. स्लग आखूड आणि जाड, म्हणून त्याला ३५ इंचांचा सैल पीळ पुरतो.

पिळाच्या नळीसाठी सॅबो स्लग मिळतो. बारीक, निमुळती गोळी प्लास्टिकच्या खोळीत बसवलेली असते. खाचा त्या खोळीला पकडतात, आणि नळीतून बाहेर पडताच खोळ उलगडून गळून पडते. महाग सॅबो गुळगुळीत नळीत घातला तर त्याला फिरकीच मिळत नाही आणि पैसे पाण्यात जातात. उलट, फॉस्टरचा स्लग पिळाच्या नळीतून झाडत राहिलं तर खाचांत शिसं लिंपत जातं आणि नेम बिघडतो. माझ्या मते बंदुकीचं नाव बघण्याआधी ही जोडी जुळते का ते बघावं.

अंतराचंही तसंच. फॉस्टरचा स्लग सेकंदाला ४९० मीटर वेगाने निघतो, पण त्याचं बोथट नाक हवेला इतकं अडतं की शंभर यार्डांवर वेग २९० च्या आसपास उरतो. म्हणजे वाटेतच तो ध्वनीच्या वेगाखाली येतो, आणि त्या टप्प्यावर हवेचे दाब बदलून गोळी डगमगू शकते. तोवर ती नळीच्या रेषेखाली पाव मीटरच्या आसपास उतरलेलीही असते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम वीस सेंटिमीटरची. म्हणून गुळगुळीत नळीने पन्नास-पाऊणशे यार्डांपुढे चाप ओढू नये, असं मी ठामपणे म्हणेन. पोटात गोळी लागलेलं हरीण झाडीत शिरून तासन् तास तडफडतं. पिळाच्या नळीने आणि सॅबोने शंभर-सव्वाशे यार्ड आवाक्यात येतात, पण दुर्बीण नळीवरच घट्ट बसवलेली हवी. पंप बंदुकीची (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायच्या बंदुकीची) नळी काढता-घालता येते, त्यामुळे दुर्बीण बंदुकीच्या धडावर असेल तर नळीचा किंचितसा हलकावाही नेमात उतरतो.

आणि पल्ला कमी म्हणून स्लग सुरक्षितच, हेही धरून चालू नये. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियासाठी झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जमिनीला लगटून झाडलेला स्लग आपटून उसळतो आणि पुढे बराच जातो. हरणाच्या मागे मातीचा चढ हवाच, शस्त्र कोणतंही असो.

हंगामाआधी तीन-चार जातींची काडतुसं आणावीत, पन्नास यार्डांवर पुठ्ठा लावावा आणि प्रत्येकी तीन-तीन बार काढावेत, मधे नळी थंड होऊ देऊन. मग जवळ जाऊन भोकं नीट पाहावीत. भोक गोल असेल तर गोळी नाकासमोर आली. एका बाजूला फाटून कुलपाच्या भोकासारखं लांबट झालं असेल, तर ती आडवी होऊन आली, आणि त्या जातीचं काडतूस त्या नळीसाठी बाद.