विरळ हवेची सवय

उंच पर्वतात काही दिवस राहिल्यावर शरीर कमी प्राणवायूशी जुळवून घेते, ती प्रक्रिया. ट्रेकर मंडळी हिला अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतात. प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, उतरतो तो हवेचा दाब. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, तर ५,५०० मीटरवर निम्मा. ठाण्यात सील केलेले चिवड्याचे पाकीट लेहला सॅकमधून काढले की उशीसारखे टम्म फुगलेले निघते.

दाब घटला की श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होते. मग मूत्रपिंडे बायकार्बोनेट (रक्तातला अल्क) लघवीवाटे टाकू लागतात, म्हणून रात्री तंबूची चेन सारखी उघडावी लागते. डायमॉक्सची गोळी याच कामाला वेग देते. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि एकदम जोरात सुरू होतो; शेजारचा नवखा घाबरतो, पण उंचीवर हे नेहमीचेच. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला मात्र आठवडे लागतात.

ठाणे-नवी मुंबईचे ट्रेकर येऊरच्या चढावर किंवा खारघरच्या टेकडीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन महिनोन्‌महिने घाम गाळतात. त्याने मांड्या तयार होतात, दमसास वाढतो. विरळ हवेची सवय होत नाही. त्रास साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो, आणि राज्यातले सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरचे. उलट तगडा गडीच अनेकदा फसतो: पाय चालतात म्हणून पुढे सुटतो आणि डोके दुखतेय हे सांगायला लाजतो.

३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करावा. विमानाने लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस आरामच करावा. मनालीहून गाडीने जाणे सावकाशीचे वाटते खरे, पण मनाली २,०५० मीटरवर आणि वाटेतला सरचूचा मुक्काम सुमारे ४,३०० वर. पहिलीच रात्र सरचूला काढणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे.

लडाखच्या मार्खा खोऱ्यातली वाट स्कियू, मार्खा, हांकर अशी चढत निमालिंगला (सुमारे ४,८०० मीटर) पोहोचते. तिथे पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळते; कुकर नसेल तर डाळ कच्चीच राहते. पुढे कोंगमारू ला, ५,२०० मीटरहून उंच खिंड.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही सुरुवात. बसल्या जागी धाप लागली किंवा टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर फुफ्फुसात पाणी वा मेंदूला सूज असू शकते. अशा माणसाला निमालिंगहून, पुढची खिंड कितीही जवळ असली तरी, मागे हांकरकडेच उतरवायचे. रात्र असली तरी.