चौदाव्या वर्षीची भीती चाळिशीत कुठे जाते?

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत हॅलोविनचे भोपळे कोरले जातात आणि चाळिशी ओलांडलेले कित्येक वाचक किशोरवयातल्या भयकादंबऱ्या पुन्हा उघडतात. आर. एल. स्टाइन यांची १९८९ साली सुरू झालेली ‘फिअर स्ट्रीट’ मालिका त्यातली लाडकी. प्रकरण किंकाळीवर संपतं. पान उलटावं तर मागून मैत्रिणीने हात ठेवलेला असतो. तेव्हा या युक्तीने झोप उडायची. आता हसू येतं.

शेवट ठाऊक असतो म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. पण तेवढंच कारण नसावं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्येच एक गंमत दाखवली होती. जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे अमेरिकेत कोणालाही विचारा. तरी ते होतील की नाही अशी हुरहुर लावणारा मजकूर वाचून झाल्यावर, ‘ते निवडून आले’ हे वाक्य खरं ठरवायला लोकांना जास्त वेळ लागला. गोष्टीत बुडालेला मेंदू माहिती असलेलंही क्षणभर बाजूला ठेवतो. नारायण धारपांची पारायणं करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मोठा फरक वयाचा असावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलं, किशोरवयीन आणि प्रौढ अशा तिन्ही गटांना विशिष्ट रंगाच्या चौकोनाबरोबर कर्कश आवाज ऐकवून त्या रंगाची धास्ती बसवली. मग आवाज बंद केला. मुलांची आणि प्रौढांची धास्ती ओसरली, किशोरांची मात्र त्या मानाने फारच कमी. तळव्याला सुटणाऱ्या घामावरून ते मोजलं होतं. ‘आता धोका नाही’ हे शिकण्यात कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा असतो आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. चौकोनावरून कादंबरीवर उडी मारणं जरा धाडसाचंच. पण त्या वयात वाचलेलं एखादं तळघर वर्षानुवर्षं मनातून का जात नाही, याचा धागा इथे असू शकतो.

शिवाय भीतीची मजा मापात असते. डेन्मार्कमधल्या एका भूतघरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके नोंदवून ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं, की फार कमी घाबरलेल्यांना मजा येत नाही आणि फार घाबरलेल्यांनाही नाही; ती मधेच कुठेतरी असते. स्टाइन यांनी तो मध्य चौदा वर्षांच्या वाचकासाठी साधला होता. चाळिशीतला वाचक बहुधा वेगळ्याच जागी दचकतो: एवढे खून होतायत, आणि या पोरांचे आईबाप आहेत कुठे?