पार्श्वभूमी: शाळेचा गल्ला आणि परदेशातली ‘विहीर’

22 मार्चचा जलदिन जवळ आला की कॅनडा, अमेरिका, ब्रिटनमधल्या शाळांत मुलं भरलेल्या बादल्या घेऊन मैदानाला फेऱ्या मारतात, घरचे केक विकतात आणि जमलेले पैसे आफ्रिकेतल्या एखाद्या गावच्या ‘विहिरी’साठी पाठवतात. या उपक्रमाला मोठी चालना मिळाली ती 1998 नंतर. त्या वर्षी ओंटारिओ प्रांतातल्या पहिलीतल्या एका मुलाला वर्गात कळलं की 70 डॉलरमध्ये विहीर होते. चार महिने घरातली जादा कामं करून त्याने 70 डॉलर जमवले. ते नेऊन दिले तेव्हा समजलं की तेवढ्यात फक्त हातपंप येतो, जमिनीत छिद्र पाडायला सुमारे 2,000 डॉलर लागतात. मुलगा थांबला नाही. 1999 मध्ये उत्तर युगांडातल्या अंगोलोच्या प्राथमिक शाळेत पाणी आलं.

गोष्ट जगभर पोचली, ते योग्यच झालं. पण त्यातला 70 आणि 2,000 यांमधला फरक विसरला गेला. खरा गुंता तिथेच आहे.

इंग्रजीतल्या ‘वेल’चं आपण सरसकट ‘विहीर’ करतो. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मग बांधलेला काठ, रहाट, पायऱ्या येतात. प्रत्यक्षात शाळांच्या पैशातून बहुतेक वेळा होते ती विंधनविहीर, म्हणजे आपल्या बोलण्यातला बोअर, आणि त्यावर बसवलेला हापसा. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना वेगळी नावं आहेत, कारण त्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. बोअर आटतो, गाळाने भरतो. हापशाचं वॉशर झिजतं, साखळी तुटते, नळी गंजते. शाळेच्या पावतीपुस्तकावर मात्र ‘एक विहीर’ आणि एकच रक्कम असते. दुरुस्ती हा तिसरा खर्च त्या रकमेत नसतोच.

तो नसण्यामागे इतिहास आहे आणि त्याचा एक धागा मराठवाडा-सोलापूरकडे येतो. 1966-67 चा बिहारचा दुष्काळ आणि पाठोपाठ 1972 चा महाराष्ट्राचा, या काळात कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं देशात आली. या बोअरवर बसवलेले पंप होते बिडाचे, एका कुटुंबापुरते घडवलेले. त्यांवर अख्खं गाव पाणी हापसू लागलं. सत्तरीच्या दशकाच्या मध्यातल्या पाहणीत चारांपैकी तीन पंप बंद आढळले. टिकत होते ते जालना आणि सोलापूरला ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातून घडलेले पोलादी पंप. सोलापूरच्या नमुन्याचा आधार घेऊन ‘इंडिया मार्क 2’ तयार झाला, त्याच्या चाचण्या कोइमतूरजवळ झाल्या. पुढे हा पंप लाखोंच्या संख्येने बनला, आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला ‘यू-2’ म्हणतात. परदेशी मुलांच्या खाऊच्या पैशातून तिथे बसणाऱ्या हापशांचं मूळ आपल्याकडचं आहे, आणि मला याचा अभिमान वाटतो.

मात्र पंपासोबत त्याची दुरुस्तीची व्यवस्था गेली नाही. मार्क 2 चा खालचा भाग दुरुस्त करायचा तर तिपाई लावून तीन-तीन मीटरच्या लोखंडी नळ्या एकेक करून वर ओढाव्या लागतात. भारतात त्यासाठी गावात देखरेख करणारा, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह पथक अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. ती नेहमी वेळेवर पोचली असं नाही, पण कोणाकडे तक्रार करायची हे ठरलेलं होतं. आफ्रिकेतल्या अनेक जिल्ह्यांकडे गाडी नव्हती, डिझेल नव्हतं. म्हणून ऐंशीच्या दशकात, म्हणजे 1981-90 च्या आंतरराष्ट्रीय पेयजल दशकात, धोरण ठरलं की देखभाल गावानेच करायची. त्यासाठी नळ्या न काढता उघडता येणारे पंप घडवले गेले: मार्क 3, आणि पूर्व आफ्रिकेतला ‘आफ्रिदेव’.

या निर्णयावर अजून वाद आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, गावाची मालकी आली तरच काळजी येते. मला यात देणाऱ्यांची सोय अधिक दिसते. ‘गावाची मालकी’ म्हटलं की पंप बसवणाऱ्याचं काम उद्‌घाटनाच्या दिवशी संपतं. गावाची पाणी समिती नेमली जाते, वर्गणी वर्षभर गोळा होते, मग एखादा मोठा बिघाड येतो आणि सुटा भाग मिळतो तो कुठे लांबच्या शहरात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत कोणत्याही वेळी सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असतात, असा अंदाज 2009 च्या सुमारास मांडला गेला. ज्यांनी पैसे पाठवले त्या मुलांपर्यंत तो क्वचितच पोचला.

त्याआधीच्या काही वर्षांत मुलांना आवडेल असा एक पंप गाजला. मुलं चक्रीवर खेळतील आणि पाणी टाकीत चढेल, अशी कल्पना. किंमत सुमारे 14,000 डॉलर, साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. 2006 मध्ये अमेरिकेतून मोठा निधी जाहीर झाला. पुढे मोझांबिकसारख्या ठिकाणी मुलं शाळेत असताना बायकाच ते चक्र ढकलताना दिसू लागल्या आणि 2010 पर्यंत मोहीम आवरली गेली.

‘विहीर’ या शब्दासारखाच ‘स्वच्छ पाणी’ हा शब्दही फसवा आहे. बांगलादेशात लाखो कूपनलिका जंतूंपासून सुटका म्हणून घेतल्या गेल्या. 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी द्रव्य सापडलं. तरी 2015 पर्यंत जागतिक मोजणीत ‘सुधारित स्रोत’ म्हणजे साधनाचा प्रकार एवढंच पाहिलं जाई, पाणी तपासलं जात नसे. या मोजणीच्या आताच्या सर्वांत वरच्या पातळीला पाणी घरी, हवं तेव्हा आणि दूषण नसलेलं लागतं. शाळेच्या आवारातला हापसा आसपासच्या घरांसाठी त्यात बसत नाही.

युगांडात अनेक ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. जस्त चढवलेल्या लोखंडी नळ्या त्यात काही वर्षांतच गंजतात, पाणी तांबडं येतं आणि बाया पुन्हा ओढ्याकडे वळतात. 2016 मध्ये तिथल्या सरकारने अशा नळ्या वापरू नयेत असं कळवलं. केनियात किटुई आणि क्वाले भागांत गावं आता महिन्याची ठरावीक रक्कम देतात आणि त्या बदल्यात बिघडलेला पंप तीन दिवसांत चालू करून मिळतो.